पहिली हळद

हॅलो?… हाव, बोल दया… न्हाई, कामात न्हाई, तुझ्याच फोनची वाट बघत बसले. उद्या माझ्या शिल्पाची हळद, अन् तिचा मामा मुरुडातनं उठून नांदेडला जाऊन बसला… का रागावले म्हणून मला काय विचारतोस? काल मांडवात सगळ्या भावकीसमोर काय म्हणलास ते आठव.

…हाव, 'देवच न्हाई, तर देवीला चालतंय काय अन् न चालतंय काय.' हेच… खरं असंल. मी कुठं खोटं म्हणले? ऐक… अरे ऐक की जरा, हा काय तुझा कॉलेजातला वर्ग न्हाई.

माझ्या सासूबाई कशा हायत, तुला ठाव हाय ना? विधवा बाई हळदीच्या पाटाजवळ आली तरी तोंड फिरवतात. त्या बाईला मी राजी केलं. आपल्या आईनं नातीला पहिली हळद लावावी म्हणून… कसं म्हणजे? गुरवाच्या मागं लागले. त्याच्या तोंडून वदवून घेतलं, आईला विधवापण नसतं, देवीला चालतंय. तवा कुठं काल सासूबाईंनी चारचौघांत सांगितलं, रुक्मिणबाईच लावतील म्हणून. अन् तू तिथंच तोंड उघडलास.

…पाठिंबा? असला पाठिंबा?… आता काय, कालपासून सासूबाईंचं एकच, ही अन् हिचा भाऊ मिळून घरातला देव बुडवायलेत. आई गावाकडं निघून गेली. म्हणती, मी येतच न्हाई हळदीला, उद्या पोरीचं काही वंगाळ झालं तर माझ्या हातावर ढकलतील… रडली न्हाई तर काय. तुझ्याशी फोनवर हसून बोलली असंल.

न्हाई, गप बस म्हणत न्हाई मी. बोल की, लई बोल. पण तू बोलून बस धरतोस दया, निस्तरायचं आम्ही… आँ?… 'कुणीतरी बोललंच पाहिजे.' हाव, हाव… अन् त्या कुणीतरीची आई बसली कोपऱ्यात, तिचं काय?

थांब. सासूबाई आल्या.

हाव आत्या, दयाच हाय. चुकलो म्हणतोय. उद्या येऊन देवीसमोर नाक घासतो म्हणतोय… देवीनंच बुद्धी दिली बघा… मग आईला आणायला जीप धाडू ना?… बरं. बरं आत्या.

…गेल्या. 'बघू' म्हणल्या… ओरडू नकोस. हाव, खोटं बोलले. नाक घासावं लागंल तुला… तत्त्व? तुलाच तत्त्व हाय व्हय? मी रोज सांजच्याला दिवा लावते, हात जोडते, अन् मला तिथं कुणीच दिसत न्हाई… हाव, मला. बाबा गेले तवा देवाचं नाव घेऊन आईचं कुंकू पुसलं बायांनी, तवापासून… आधी का न्हाई सांगितलं?…

कुणाला सांगायचं होतं? मला ह्याच घरात राहायचंय, दया. सकाळच्या गाडीनं ये. ठेवते.