कुंपणाला फाटक

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांची सून साहेबांच्या खोलीतून बाहेर आली.

“भुशाच्या ढिगात पुरलेली मेलेली गाय उकरून काढायची का आता?”

“नाही, मामा. ढीग विहिरीपासून लांब आहे, वर भुसाही भरपूर आहे. नियमात बसतंय. तिथंच तिचं खत होऊ द्या म्हणाले.”

“सुटलो बाई.”

“पण वरचा भुसा रोज कोण बाजूला करतं, असं विचारलं.”

“मग?”

“कोल्हा येतो म्हणून सांगितलं.”

“मला कोल्हा केलंस होय?”

“मग काय सांगू, सासरे रोज तिचं तोंड बघायला जातात?”

“बरं केलंस.”

“कुंपण घाला म्हणाले.”

“घालू की. एक फाटक ठेव.”

“कोल्ह्यासाठी?”

“त्याला आता उड्या मारवत नाहीत.”