मागच्या खोलीसाठी आठ बोर्ड

नाही काका, तो गुंडाळीतला मऊ नको, मघाशीच म्हटलं ना मी — कडक हवाय. फळीसारखा उभा राहणारा. आहे फायबरग्लासच, पण दाबून घट्ट केलेला — एसीच्या डक्टला लावतात बघा, तो. गुंडाळीतला स्वस्त पडतो हे मलाही कळतं, पण चौकटीत उभा केला की चार महिन्यांत खाली बसतो, पोट सुटलेल्या माणसासारखा. — अहो, तुम्हाला नाही म्हणाले! बरं झालं, हसलात तरी. आल्यापासून बघतेय, माझ्यावरच उपकार करताय असा चेहरा. — थर्माकोल? थर्माकोलनं काय होणार? थंडी अडते त्यानं, घुमणारा आवाज नाही अडत. आणि अंड्यांचे ट्रेही नका सांगू. पुतण्यानं लावलेत? मग त्याला म्हणावं त्यात अंडी पण ठेव, निदान नाश्ता तरी होईल. मला हे मोठ्या माणसांचं कळतच नाही — माहीत नसलं तरी सल्ला तयार! रागावू नका. घरी मावशी आहे ना, तिनं सकाळपासून डोकं खाल्लंय, म्हणून तुमच्यावर निघतंय.

हां, हा दाखवा. दाबून बघू? — हा चांगलाय. घनता किती याची, अठ्ठेचाळीस? बास की. त्याच्या वरचा घेऊन उगाच महाग कशाला, खोलीत बोलणारं एक माणूस, तिथे काय ढोल वाजवायचेत? पण याच्या एका अंगाला हा चांदीचा कागद आहे — बिनचांदीचा नाही? मग राहू दे, चांदी भिंतीकडे करीन. पुढे ठेवली तर आवाज पुन्हा उलटा यायचा. जाडी दोन इंच. तीन इंची मला परवडत नाही, आणि लागतही नाही — दोन इंची भिंतीपासून दोन इंच सुटा टांगायचा, मधली हवा अर्धं काम करते, आणि हवेला अजून तरी तुम्ही दर लावलेला नाही. — शिकले नाही हो कुठे, कामच ते. ध्वनिपुस्तकं करतात त्या कचेरीत मी बसते, दिवसभर कानाला हेडफोन. कुणाचा श्वास मोठा आला, कुणी खुर्ची हलवली, कुणाच्या खोलीत आवाज घुमतोय — ते पकडायचं आणि परत पाठवायचं. माझ्या हातून काही सुटत नाही. तसं नाव आहे माझं.

ती मागची थप्पी कसली? कोपरे चेपलेत? मग ती दाखवा ना आधी! चौकटीत बसवल्यावर, वर कापड ताणल्यावर कोपरे कोण बघायला येतंय? फक्त ओला झालेला नको, तो आतून सुटतो. — हा कोरडाय. हा पण. हा नको, याला डाग आहे. आठ निघतील ना? चार बाय दोनचे आठ. दोन कोपऱ्यांत, चार समोरासमोरच्या भिंतींवर, दोन डोक्यावर — छताचं सगळे विसरतात. खोली लहान आहे हो, पण खाली गुळगुळीत फरशी, एका बाजूला लोखंडी कपाट, पडदा नाही, गादी नाही. टाळी वाजवली की टाळी परत येते.

आजच न्यायचेत. उद्या चालणार नाही. चौकटी तयार आहेत, सुतारानं काल दिल्या. मी आज भरते, रात्रीपर्यंत कापड ठोकते, उद्या सकाळी टांगते, म्हणजे उद्या दुपार आणि परवाचा दिवस मिळतो. शुक्रवारी सकाळी सहाला हॉस्पिटल. — अं? हो, ते मला माहिताय, काचेचे तंतू असतात, खाज सुटते. हातमोजे आहेत, तोंडाला बांधीन, गच्चीवर कापीन. — घरात कोण कोण म्हणजे? मी, आई, आणि सध्या मावशी. लहान मूल नाही. दम्याचं कुणी नाही. — खोकला? खोकला आहे. आईला. म्हणूनच तर कापड दुहेरी घेतलंय मी, एवढं कळतं मला, घशाच्या माणसाच्या खोलीत मी उघडी काच टांगेन का?

दुखणं घशाचंच आहे. स्वरयंत्र काढणार आहेत. शुक्रवारी. — नाही, थोडं नाही. अख्खं. मग इथे खाली, गळ्याला, श्वास घ्यायला भोक. जगेल ती, डॉक्टर म्हणाले, चांगली जगेल. फक्त बोलणार नाही. म्हणजे आत्ताचा जो आवाज आहे ना तो नाही. म्हणून मला तो नीट घेऊन ठेवायचाय, स्वच्छ, न घुमता — यात एवढं डोळे विस्फारण्यासारखं काय आहे? मावशीचं आपलं एकच, 'तिला बोलायला लावू नकोस, घसा जपू दे.' कशासाठी जपू दे? शनिवारसाठी?

गायची नाही हो. शिक्षिका होती, प्राथमिकच्या मुलांची. एकतीस वर्षं. मागच्या बाकावर चिंच खाणाऱ्याला जागेवरून न उठता गप्प करायची, असा आवाज. रिटायर झाली तेव्हा मीच मागे लागले — आई, अंध मुलांसाठी गोष्टी वाच, मी रेकॉर्ड करते, नीट पुस्तक करू. तिला काय आनंद! वहीत गोष्टी उतरवून काढल्या, कुठे थांबायचं तिथे लाल पेनानं रेघा. आणि मी? मी हेडफोन लावून बसायची आणि म्हणायची, 'डब्यात बसून बोलल्यासारखं येतंय. परत घे.' ती परत घ्यायची. 'पुसलं, परत घे.' — पुसायचीच हो मी, लगेच, तिच्यासमोर. वाईट माल साठवून ठेवायचा नाही, ही कचेरीतली शिस्त! चाळीस-पंचेचाळीस वेळा झालं असेल. म्हटलं, एकदा हे बोर्ड घेऊ, खोली नीट करू, मग सगळं पुस्तक एका दमात. पण बोर्ड महाग, मग या महिन्यात नको, पुढच्या महिन्यात. — एकही नाही. एकसुद्धा ठेवलं नाही. लग्नकार्यातले व्हिडिओ असतील कुणाकडे, त्यात मागे नुसता गोंगाट.

मग तिचा आवाज बसायला लागला. मला वाटलं, वाचून वाचून दमली. मी म्हटलं — नका बघू असं माझ्याकडे — मी म्हटलं, 'पाणी पी आणि नीट वाच, खरखर येतेय.' मला ऐकू येत होती ना ती खरखर! हेडफोनमध्ये, कुणाच्याही आधी, मला. माझ्या हातून काही सुटत नाही. चार महिने ऐकली मी ती. डॉक्टर म्हणाले, तीन आठवड्यांच्या वर घसा बसला तर लगेच यायचं असतं. मी तर नोंद करून ठेवत होते, तारखेसकट — 'आवाज खरखरीत, पुन्हा घेणे.'

पाणी नको मला. बोर्ड मोजा तुम्ही. — खोली किती घुमते? सांगितलं की, टाळी — तुम्हाला ऐकायचंय? थांबा, कालचं आहे फोनवर. कालचं नाही पुसलं. उगाच दोनच ओळी, आवाज तपासायला घेतात तशा. धरा, कानाशी धरा, वर्दळ आहे बाहेर. — ऐकलंत? घुमतंय ना? — काय? नाही घुमत? अहो, नीट ऐका, तुम्हाला सवय नाही, शब्द संपला की मागे शेपूट ऐकू येतं. द्या इकडे.

...

परत लावते.

...

नाही घुमत.

कालच कसं नाही कळलं मला? बघत बसले होते ना मी, तिच्या ओठांकडे. खोलीत काहीच बदललेलं नाही, काका — तीच फरशी, तेच कपाट. तिचा आवाजच आता भिंतीपर्यंत जात नाही. फोन ओठांना लावून धरते ती, मग एवढा उमटतो. भिंतीला पोचेल तेव्हा परत येईल ना. बोर्डांनी शोषायला काही उरलंच नाहीये त्या खोलीत. आणि मी इथे सव्वा तास — कोपरे चेपलेले चालतील का, चांदी कुठल्या अंगाला — आणि ती तिकडे दुपारी जेवण झाल्यावर तासभर बरी बोलते. तेवढाच वेळ. किती वाजले? दीड?

नको. नका बांधू. — दर कमी करू नका हो, दरासाठी नाही म्हणत. मला नकोयत ते. एकही नको. मी आता खिळे ठोकणार, आणि ती बाहेरच्या खोलीत गप्प बसणार, मी बोलावीन म्हणून? तिला काय वाचायचंय ते वाचू दे, नाहीतर नुसतं बोलू दे, मावशीला शिव्या देऊ दे, खोकू दे, मी सगळं ठेवणारेय. — सोडायला नको, रिक्षा आहे कोपऱ्यावर. ही थप्पी तेवढी सरकवा. वाटेत लावून ठेवलीत अख्खी. सरकवा ना, काका, मला बाहेर जाऊ द्या.