लल्ला तूदांनी मागितलेला रविवार

आदरणीय अध्यक्ष सी मोहा, व्यासपीठावरचे डायलिसिस केंद्राचे डॉक्टर, आज ज्यांना निरोप द्यायला जीभ वळत नाही त्या आमच्या बाईसाहेब लल्ला तूदा, पहिल्या रांगेतले त्यांचे यजमान सी बूअज्जा, आणि मिठाईच्या ताटांवर डोळा ठेवून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

डोंगरातल्या गावांतून रुग्णांना इथे बेनी मल्लालला डायलिसिससाठी आणणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक आपलं सॉफ्टवेअर ठरवतं. त्याच्या चाचण्या वर्षानुवर्षं लल्लांच्या टेबलाखालच्या एका म्हाताऱ्या मशीनवर चालायच्या. त्या कोपऱ्यात झाडू न्यायलाही बंदी होती! गेल्या रमजानात आपण सगळं नवं करायला घेतलं. प्रत्येक चाचणीला स्वतःचा कंटेनर, म्हणजे एक कोरी खोली. तिच्यात हवी ती तारीख-वेळ लावायची, काम झालं की पुसून टाकायची. सॉफ्टवेअरही पुढे तशाच कंटेनरमध्ये चालणार होतं.

मला वाटलं, लल्ला हळहळतील. छे, त्या हरखल्या. "अरे, म्हणजे एका खोलीत पहाट, दुसरीत संध्याकाळ, तिसरीत पुढच्या वर्षीची ईद? आणि सगळं एकदमच?" बाहेर जैतुनाच्या बागांवर ऊन कलंडत होतं, पडद्यावर पास झालेल्या चाचण्यांच्या हिरव्या ओळी उगवत होत्या, उपासानं डोकं हलकं झालेलं. खरं सांगतो, आपण नेमके कुठल्या दिवसात बसलोय हेच मला क्षणभर उमगेना. तुमचं कधी झालंय असं?

सगळं हिरवं, तेव्हा सी मोहा म्हणाले, "ईदच्या आधीच सुरू करून टाकू."

लल्ला म्हणाल्या, "आधी ईदनंतरचा रविवार खोलीत आणून दाखवा."

"लल्ला, पोटात काही नसलं की तुम्हाला सगळं लाल दिसतं!" अध्यक्षमहाराज, शब्द तुमचेच आहेत, मी फक्त आठवण करून देतोय.

"दिसू दे. सोमवारी सकाळी त्या गाडीची वाट बघत माझा माणूस उभा असतो, तुमचा नाही."

आणला रविवार. सगळं लालभडक! रमजानात आपला अख्खा देश घड्याळं तासभर मागे घेतो. ती वेळ नेमकी कंटेनरांमधल्या जागतिक वेळेशी जुळली होती, म्हणून आपण महिनाभर खुशीत. ईदनंतरच्या त्या रविवारी देश तासभर पुढे जाणार आणि आपले कंटेनर तिथेच राहणार. प्रत्येक गाडी तासभर उशिरा निघाली असती, आणि केंद्रातलं मशीन दुसऱ्याला लागलं की रुग्ण आल्या पावली परत.

दुरुस्ती करून ईदनंतरच सुरू केलं. त्या सोमवारी लल्लांना घरून फोन आला. सी बूअज्जा ओरडत होते, "अगं, गाडी आलीसुद्धा! माझा चहा अर्धाच राहिला!" आणि आमची ही कडक बाई टेबलावर डोकं टेकवून ढसाढसा रडली.

लल्ला, खूप वाईट वाटतंय हो. आणखी बरंच बोलायचं होतं, पण दारातून ड्रायव्हर खुणावतोय. आपण सगळे आलात, ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, आणि मंडळी, जरा खुर्च्या सरकवा. सी बूअज्जांची गाडी आली आहे.