टेकडीवरचा कोड

कोरल : आणि तुझ्या केकचा बाप कोण?

आयव्ही : काय म्हणालीस?

कोरल : मी नाही विचारत, फॉर्म विचारतोय. 'पिता'. त्याच्याखाली 'माता'. त्याच्याखाली कानातल्या बिल्ल्याचा नंबर.

आयव्ही : फ्रूटकेकच्या कानात?

कोरल : प्रदर्शनाच्या कमिटीने गुरांसाठी एक फॉर्म बनवून घेतला आणि तोच सगळ्यांना लावला. भोपळ्यांना, विणकामाला, मुरंब्यांना. यंदा सगळ्यांना कान आहेत.

आयव्ही : तू सकाळी स्वतःच्या केकचं काय लिहिलंस?

कोरल : बाप ब्रँडी, आई मनुका. मुकाट घेतलं त्याने.

आयव्ही : मग माझाही बाप तोच. या खोऱ्यात त्याने कुणाला सोडलंय?

कोरल : शेवटची लस कधी टोचली?

आयव्ही : ख्रिसमसच्या आदल्या दिवशी. दोन चमचे, वरून.

कोरल : बरं. आता जन्मतारीख. केकची नव्हे, तुझी. हे चाक फिरवत मागे मागे जायचं. एकाहत्तरपर्यंत आलेय.

आयव्ही : अजून तीस वर्षं फिरव. तोवर पाच वाजतील आणि नोंदणी बंद होईल.

कोरल : आत्ताशी पावणेचार होतायत. घाबरवू नकोस मला.

आयव्ही : घाबरलेय मी, कोरल. एकवीस वर्षं तू पहिली आणि मी दुसरी. पुढच्या महिन्यात घर नव्या मालकाचं आणि मी लेकीकडे, समुद्रकाठी, आठव्या मजल्यावर. तुला हरवायचं तर या शनिवारी, नाहीतर नाहीच. आणि त्यासाठी तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझ्याच कॉम्प्युटरपुढे येऊन बसायची वेळ यावी.

कोरल : बसलीच आहेस तर चष्मा पूस. चित्रं आलीत. नऊ चौकोन. ज्यात ट्रॅफिक सिग्नल आहे ते निवडायचे. तू माणूस आहेस याचा पुरावा म्हणून.

आयव्ही : सिग्नल मी शेवटचा डब्बो शहरात पाहिला, माझ्या फ्रँकच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेलो होतो तेव्हा. हा खांब धरायचा का?

कोरल : धरून बघते. 'पुन्हा प्रयत्न करा.'

आयव्ही : म्हणजे मी माणूस नाही. नवरा होता तरी फ्रँकचंही तेच मत होतं.

कोरल : या वेळी खांब सोडला. झालं. आता मोबाइलवर सहा आकडी कोड येणार. तुझ्याकडे मोबाइल नाही, म्हणून माझाच नंबर घातलाय.

आयव्ही : पण तुझ्याकडे रेंज कुठे असते?

कोरल : टाकीच्या टेकडीवर. कोड पाच मिनिटं जगतो आणि टेकडीवरून इथे यायला सात लागतात. सकाळी माझ्या चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला पोचले वेळेत, पण फाटकाचा खांब गेला.

आयव्ही : तो तू पाडलास? मला वाटलं बैलाने.

कोरल : म्हणून आता डोकं चालवायचं. माझी गाडी घे, हा मोबाइल घे आणि वर जा. गाडीत बोलायचा रेडिओ आहे, इथे टेबलावर दुसरा आहे. कोड आला की तू वरून वाच, मी खालून भरते.

आयव्ही : अख्खं खोरं ऐकेल. सगळे याच चॅनेलवर असतात.

कोरल : ऐकू दे. फाटकाला आता एकच खांब उरलाय.

(पाव तासाने. रेडिओवर.)

आयव्ही : कोरल, ऐकतेस का? टाकीपाशी आलेय.

कोरल : ऐकतेय. कोड मागवला. आला?

आयव्ही : टिंग वाजलं. थांब. कोणीतरी मला छपरावर स्वस्तात सोलर बसवून द्यायला निघालाय.

कोरल : तो नव्हे.

आयव्ही : आता आला. चार, शून्य, नऊ... मोबाइल काळा झाला हा.

कोरल : बोट लाव त्याला.

आयव्ही : ओळखत नाही म्हणतोय. बरोबर आहे, बोट माझं आहे.

कोरल : मग आकडे दाब. एकोणीसशे बाहत्तर.

नेव्हिल : लग्नाचं साल का, कोरल?

कोरल : नेव्हिल, चॅनेल सोड. शाळेपासून कान लावून बसायची सवय आहे तुला.

नेव्हिल : मी कुठे काय म्हटलं. हमरस्त्याच्या पंपावर टायरात हवा भरतोय.

आयव्ही : उघडला. चार, शून्य, नऊ, सात, सात, एक.

कोरल : 'मुदत संपली.' दुसरा मागवते. आला?

आयव्ही : चार, शून्य, नऊ...

नेव्हिल : तो जुना, आयव्ही. नवा त्याच्याखाली असेल.

आयव्ही : हो की. दोन, दोन, सहा, पाच, आठ, तीन.

कोरल : घेतला. आता पासवर्ड मागतोय. एक मोठं अक्षर हवं, एक आकडा, एक खूण. काय ठेवू?

आयव्ही : 'कोरल हरणार'.

कोरल : आकडा नाही यात.

आयव्ही : पुढे एकवीस लिही. आणि खूण म्हणून उद्गारचिन्ह लाव.

नेव्हिल : चांगला आहे. विसरलीस तर आम्हाला विचार.

कोरल : ठेवला. आता शेवटचं बटण... थांब जरा.

आयव्ही : काय झालं?

कोरल : काही नाही. सेक्रेटरीला घरच्या फोनवरून एक विचारून घेते. तू तिथेच थांब.

आयव्ही : दुसरीकडे कुठे जाऊ, रेंज इथेच आहे.

कोरल : हॅलो, ब्रूस? मी कोरल. हे काय काढलंय तुम्ही? आयव्हीचा फॉर्म भरतेय, तर म्हणतोय, या मोबाइल नंबरवर या वर्गात एक नोंद आधीच आहे, नवी घेतली तर जुनी रद्द होईल. ... हो, जुनी माझी. ... एका नंबराला एकच? का पण? ... अरे, लोक एकच बैल दोनदा लावत असतील, हा केक आहे. ... मग तू कागदावर लिहून घे तिचं नाव. तीस वर्षं घेत होतास ना? ... परीक्षक छापील चिठ्ठीशिवाय सुरी लावणार नाही. बरं. तुला आतून काही करता येतं का? ... कंपनीला मेल. तीन ते पाच कामाचे दिवस. आणि घड्याळात वाजलेत साडेचार. ... नाही, तिला नाही सांगितलेलं. टेकडीवर आहे ती. ... हे बघ ब्रूस, मी नवीच ठेवते. माझी जाऊ दे. ... माझं काय, पुढच्या वर्षी मी आहे इथे. ती नाहीये. ... केक जळला म्हणून सांगेन. तू फक्त तोंड बंद ठेव. ठेवते.

नेव्हिल : कोरल.

कोरल : तुला चॅनेल सोड म्हटलं होतं.

नेव्हिल : सोडला असता. पण तुझ्या रेडिओच्या बोलायच्या बटणावर काहीतरी ठेवलं होतंस. गेली पाच मिनिटं आम्ही सगळेच ब्रूसशी बोलत होतो.

कोरल : प्रदर्शनाचं पुस्तक होतं वर. आत्ताच उचललं.

आयव्ही : केक जळला म्हणे तुझा.

कोरल : जळू शकतो.

आयव्ही : तुझा केक? एकवीस वर्षांत साधी कड काळी झालेली पाहिली नाही मी, आणि मी नीट बघते. ते बटण दाबलंस?

कोरल : बोट ठेवलंय त्यावर.

आयव्ही : उचल.

कोरल : आयव्ही, अर्धा तासही उरला नाही. वेड्यासारखं करू नकोस.

आयव्ही : रिकाम्या टेबलावर पहिली यायचं तर मी घरी बसून येईन. मला तू समोर हवीस. तुझा केक कापलेला हवा, शेजारी तू उभी हवीस, तो माजलेला चेहरा घेऊन. त्याच्यासमोरून मला पहिलं बक्षीस घेऊन जायचंय. उचललंस बोट?

कोरल : उचललं.

आयव्ही : मग माझं राहू दे. नाही तर नाही.

नेव्हिल : माझा नंबर घ्या की.

कोरल : तू केक कधीपासून करायला लागलास?

नेव्हिल : करत नाही, म्हणूनच. माझ्या नंबरावर एक मेंढा आहे, पण तो वेगळा वर्ग. आणि इथे पंपावर रेंज भरपूर.

कोरल : थांब, मागे जाते. ... गेलं सगळं. बाप, आई, लस, काही उरलं नाही. पुन्हा पहिल्यापासून.

आयव्ही : चाक फिरवायला घे आधी. एक्केचाळीस लांब आहे.

कोरल : फिरवतेय. तू सांगत राहू नकोस, मला पुढचं साल लागतं मग. ... आलं. आता चित्रं. या वेळी बस शोधायच्यात. ही मागून दिसते ती बस का व्हॅन?

नेव्हिल : शाळेची पिवळी आहे का?

कोरल : पांढरी.

नेव्हिल : व्हॅन धर. बस असती तर कोणीतरी उतरलं असतं.

कोरल : चाललं. कशावरून चाललं ते विचारू नका. कोड मागवला, नेव्हिल.

नेव्हिल : आला. सात, एक, एक, शून्य, तीन, नऊ.

कोरल : हळू. मी दोन बोटांनी टाइप करते.

नेव्हिल : सात. एक. एक. शून्य. तीन. नऊ.

आयव्ही : घेतला का? कोरल? बोल काहीतरी.

कोरल : घेतला. पासवर्ड तोच टाकला. गोल फिरतंय. ... अजून फिरतंय. ... 'आपली नोंद स्वीकारली आहे.' चार छप्पन्न. चिठ्ठीचा नंबर एकशे चौदा, नाव आयव्ही. माझी शहाण्णव आहे तशीच आहे.

नेव्हिल : मला तुकडा मिळाला पाहिजे. दोन्हींचा.

कोरल : परीक्षकानंतर.

आयव्ही : हरशील हं या वेळी, कोरल.

कोरल : तुझ्या मनुका दरवर्षी तळाला जाऊन बसतात. शनिवारी बघू. ये आता खाली.

आयव्ही : येते. थोडं थांबून येते.

कोरल : का, गाडी चालू होत नाही का?

आयव्ही : होते. इथून माझं घर दिसतं गं, अख्खं. मागचं कपडे वाळत घालायचं अंगणसुद्धा. साठ वर्षं त्या घरात काढली, पण वरून कधी पाहिलं नव्हतं. इवलंसं आहे.

कोरल : बस मग. आता कसली घाई आहे.