सगुणाबाईचा झिरा

मृदंगबुवा, हात जरा थांबवा. मायबापहो, मी तुम्हाला एक विचारतो, आणि उत्तर मनातल्या मनात द्या, कारण शेजारी बायको बसलीय! आपलं अंगण झाडलं, लख्ख केलं, आणि केर नेऊन टाकला शेजाऱ्याच्या दारात. तर घर स्वच्छ झालं का हो?

नाही म्हणता? सगळे नाहीच म्हणतात. सकाळी बघतो मी!

बरं, शेजाऱ्याचं दार दिसतच नसेल तर? वळणापलीकडं असेल, झाडीत असेल, तर? न दिसणारं पाप लागतं की नाही?

आंबेदऱ्याची गोष्ट सांगतो. तिथं एक मुकादम होता, लहानू गव्हाणे. नाव लहानू, देह पहिलवानाचा! माणूस कष्टाळू. कामावर पहिला यायचा, शेवटचा जायचा. देवभोळाही होता. रोज पंपाला आधी उदबत्ती, मग डिझेल. आणि काम कसलं? दवाखान्याचं! बाळंतपणाचा दवाखाना. आता सांगा, याहून पुण्याचं काम कोणतं?

पायाचा खड्डा पंधरा फूट गेला, आणि फुटले की झरे! चहूबाजूंनी पाणी. पाणी उपसल्याशिवाय काँक्रीट पडणार कसं? लहानूनं दोन पंप लावले. पाइप टाकला कुठं? शेजारच्या ओढ्यात. खड्ड्यातली लाल माती, तिचं दाट पाणी, बिनदुधाच्या चहासारखं लाल, धो धो ओढ्यात! वाहतं पाणी, आपोआप जाईल. जाईल खरं. पण कुठं जाईल? ते त्यानं विचारलं नाही. तुम्ही विचारता?

पाचव्या दिवशी एक बाई ओढ्याच्या काठाकाठानं चालत वर आली. साठीची, काटक. सगुणाबाई भोई. अर्ध्या मैलावर भोयांची आठ घरं, तिथली. लहानूनं लांबूनच ओळखलं, भांडण आलं! त्यानं आधीच आवाज चढवला,

"बाई, दवाखान्याचं काम आहे! कुणाचा बंगला नाही!"

ती म्हणाली, "ठाऊक हाय बाबा. माझी सून सातव्या महिन्यात हाय. बिगीनं बांधा. मी भांडाय न्हाई आले. एकदा खाली येऊन बघून जा, एवढंच."

झालं! शिवीला शिवी देता येते हो, पण 'येऊन बघ' म्हणणाऱ्याला काय देणार?

गेला लहानू. वळण ओलांडलं, करंजाची झाडं ओलांडली. तिथं वाळूत भोयांचा झिरा. झिरा म्हणजे काठच्या वाळूत हातानं उकरलेला खळगा. ओढ्याचं पाणी वाळूतून गाळलं जाऊन त्यात उतरतं. आठ घरं पिढ्यान् पिढ्या तेच पितात. झिऱ्याभोवती चार बाया वाट्या घेऊन बसल्या होत्या. वाटीभर पाणी साचायचं, भरायचं, परत वाट बघायची. हंडा भरायला सकाळ जात होती!

लहानूनं वाळूत हात घातला. वाळू कुठली? वर बोटभर चिखल, मऊ, मळलेल्या कणकेसारखा. वाळूची सगळी तोंडं बुजलेली. आणि रंग? तोच लाल. त्याच्या खड्ड्याचा. हात तसाच राहिला त्याचा. त्या चौघींकडं बघवेना. एकीनंही त्याला बोल लावला नाही, हेच त्याला लागलं.

"मावशी," तो म्हणाला, "मला खरंच ठाऊक नव्हतं."

"म्हणून तर बोलावलं."

मायबापहो, ही बाई शाळेत गेलेली नाही! पण मुकादमाला धडा कसा दिला बघा. तिनं त्याला घरी नेलं. गढूळ पाण्याचा हंडा दाखवला. निवळीच्या झाडाचं बी घेतलं, हंड्याला आतून घासलं, आणि म्हणाली, "आता हलवायचं न्हाई. पाण्याला निवांत बसू द्यायचं. गाळ आपसूक खाली जातो. मग वरचं वरचं अलगद घ्यायचं." लहानू हंड्याकडं बघत राहिला. त्याच्या डोक्यात उजेड पडला — एवढंच तर करायचंय! फक्त हंडा मोठा पाहिजे!

तो वर आला आणि दोन्ही पंप बंद केले.

आता आले शिरोळेसाहेब, ठेकेदार! "लहानू, पंप बंद? मोडला काय?"

"साहेब, खाली लोकांचं प्यायचं पाणी मारतोय आपण. दोन दिवस द्या. नाहीतर दुसरा मुकादम बघा."

घरी म्हातारी आई, दोन पोरी, आणि हा म्हणतो दुसरा मुकादम बघा! साहेब चिडले, पण लहानू त्यांच्याकडं पंधरा वर्षं राबलेला. म्हणाले, "दोन दिवस. तिसऱ्या दिवशी खड्ड्यात पाणी दिसलं, तर तू घरी."

लहानूनं ओढ्यालगत खळगा खणला, पाइप त्यात सोडला, पंप लावला. काय झालं? फजिती! पाणी वरून धबाधबा पडलं, सगळं ढवळलं, आणि काठावरून तेच लाल पाणी ओढ्याकडं! त्यानं कपाळावर हात मारला. तेवढ्यात सगुणाबाई आली. बघितलं, आणि पदर तोंडाला लावून हसली. "मुकादम, हंड्यात असं बदाबदा ओतल्यावर गाळ बसंल का रं?"

मग पाइपाच्या तोंडाखाली दगडांचा ढीग रचला, पाण्याचा जोर मोडला. एकाच्या जागी तीन खळगे केले, एकाच्या काठावरून दुसऱ्यात, दुसऱ्याच्या काठावरून तिसऱ्यात, पाणी सावकाश उतरेल असे. शेवटी रुंद पट्टा गवताचा, त्यावरून पाणी ओढ्यात. आणि पायाच्या खड्ड्यात पंपाचं पाणी ओढणारं तोंड चिखलात लोळत होतं, ते भोकं पाडलेल्या पिंपात ठेवलं, भोवती खडी भरली. दुसऱ्या दिवशी उन्हं कलायला लागली तेव्हा पंप पुन्हा सुरू झाले. पहिला खळगा लाल. दुसरा पिवळट. तिसऱ्यात लहानूनं वाकून पाहिलं, तळाचा खडा दिसला!

आणि गंमत ऐका. आधी पंप चिखलानं दर दोन तासांनी तुंबायचा. आता तुंबेचना! तिसऱ्या दिवशी साहेब आले, तर खड्ड्याचा तळ कोरडा. साहेब तिन्ही खळगे बघून आले. आणि पुढच्या कामावर पंपाच्या आधी तीन खळगे खणून घेतले त्यांनी!

संपलं? नाही! ओढा निवळला, पण झिऱ्यावरचा चिखल कोण काढणार? रविवारी, सुट्टीच्या दिवशी, लहानू सहा गडी घेऊन खाली उतरला. घमेल्यांनी गाळ काढला, वाळू उघडी केली. वाट बघितली. आणि वाळूतून पाणी आलं. आधी एक थेंब, मग धार!

सगुणाबाईनं पहिली वाटी भरली आणि लहानूपुढं धरली.

"मावशी, आधी तुम्ही."

"न्हाई. ज्यानं हात घातला त्यानं."

तो प्यायला. एवढा पहिलवान गडी, डोळे भरले. वाकून तिचे पाय धरले त्यानं. म्हणाला, "मावशी, तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर मी पाइप आणखी पुढं सारला असता. तुमचे उपकार फिटायचे नाहीत." भोयांनी मग सगळ्यांना जेवायला बसवलं. कालवण कसलं होतं ते विचारू नका, मी माळकरी आहे! पण चौघांनी दोनदा मागून घेतलं, एवढं ऐकलंय.

तर मायबापहो, आपल्याही आयुष्यात कुणीतरी न भांडता येऊन म्हणालेलं असतं, 'एकदा येऊन बघ.' बाप असेल, सून असेल, शेजारीण असेल. आपण काय केलं? गेलो? की आवाज चढवला? आठवा. त्या माणसाचे आभार मानायचे राहून गेलेत. तो हयात असेल तर उद्या सकाळी माना, नसेल तर आत्ता, या टाळांसोबत माना.

आणि मांडवातून उठल्यावर घराच्या मोरीपाशी थांबा. जे पाणी बाहेर सोडता ना, त्याच्या मागं वळणापर्यंत चालत जा. तिथं कोण राहतं ते बघा. नुसतं बघा! पुढचं तुमचं तुम्हाला कळेल.

चला, बुवा, मृदंगावर थाप पडू द्या. हात वर, आणि आपली चूक गोड शब्दांत सांगणाऱ्या प्रत्येक माणसासाठी, विठ्ठल… विठ्ठल!