आवाज चालू ठेवा

गळ्यावरच्या गाठीसाठी नंबर लावून बसलेल्या शिवणक्लासच्या बाईंचे कान शेजारच्या बाकाकडे होते. तिथली बाई नुकतीच आतून आली होती. मानेवर बर्फाची पिशवी, बाजूला नवरा.

"टाका नाही, चिरा नाही. मग गाठ काढली कुठून?"

"काढली नाही हो. सुई घालून आतल्या आत भाजली. आता हळूहळू आक्रसेल."

"म्हणजे आहे तिथेच आहे! चांगलं गंडवलंय तुला. आणि हसत कोण होतं आत?"

"सिस्टर."

"भाजताना हसतात?"

"अहो, भूल मानेपुरतीच होती. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा. आवाजाची नस शेजारीच असते, आवाज बदलला की ते लगेच थांबतात."

"मग पाढे म्हणायचे."

"पाढे कुठले सुचतायत तेव्हा?"

"काय बोललीस?"

"असंच, घरातलं."

"घरातलं म्हणजे कुणाचं?"

"लग्नापासून सुरुवात केली. तुमची बहीण राहायला आली तिथपर्यंत पोचले, तेवढ्यात संपलं."

"म्हणून तो डॉक्टर माझ्याकडे असा बघत होता! काय म्हणाला तो?"

"आवाज अगदी खणखणीत आहे म्हणाले."

तेवढ्यात सिस्टरने शिवणक्लासच्या बाईंना हाक मारली. त्यांचे यजमानही पिशवी सावरत उठले.

"तुम्ही घरी जा," बाई म्हणाल्या. "मला वेळ लागेल."

"का? अर्ध्या तासाचं काम आहे म्हणाले होते ना?"

"त्यांचं असेल," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.