जीप तापायची जागा

साकोलीच्या गॅरेजात मी स्कूटरचं पंक्चर निघायची वाट पाहत होतो. शेजारी एका जुन्या जीपपाशी मेकॅनिक, जीपमालक आणि मालकाची बायको उभे होते.

“झालं, परसरामभाऊ. हेड गॅसकेट जळली होती, नवी टाकली. आता पवनीपर्यंत कुठी थांबू नका.”

“कुठीच नाही?”

“कायले थांबता? इंजन तापनारच नाही.”

“मंग माहं माहेर गेलं, जागेश्वरभाऊ.”

“काहून, वयनी?”

“लग्नात यांच्या मामाले मानाचा दुपट्टा द्याचा राहिला. तवापासून सात वर्सं झाले, हे माह्या बाबाच्या घरची पायरी चढत नाही. पन जीप मातर दर खेपेले आमच्याच दारापुढं तापते.”

“तापली तर मी काय करू? पान्यासाठी थांबा लागते.”

“पानी माहे बाबा टाकतात. हे आंगनात बसून चहा पितात.”

“आंगन म्हंजे घर नाही.”

“मागच्या खेपेले जेवले, अन् झोपले.”

“इंजन थंडं झालं नव्हतं.”

“वयनी, गॅसकेट तर आत्ता जळली. पहिलेपासून रेडिएटरच्या पाइपातून पानी गळत होतं. पाइपाची क्लिप ढिली होती.”

“आपोआप ढिली झाली?”

“स्क्रू फिरवल्याबिगर नाही होत.”

“जागेश्वर, तू बोनट लाव.”

“लावतो, भाऊ. क्लिप कसाची राहिली. किती कसू?”

“सासऱ्याच्या दारापर्यंत पानी पुरन, एवढीच.”